चरबीचा घेवडा

क्रेसेन्सियाने चटईवर वाळत घातलेली घेवड्याची पापडी उचलून दाबली. एवढ्या उन्हानंतर ती कडकन मोडायला हवी होती, पण ही नुसतीच वाकली. तिने बोटांचा वास घेतला. डुकराची चरबी.

काळा घेवडा शिजवायचा, पाट्यावर वाटायचा, पातळ पसरून वाळवायचा नि चुरून पिशवीत भरायचा. डोंगरावरच्या मक्याच्या शेतात ती राखणीला जाणार होती आणि तिथे घेवडा शिजवत बसण्याइतकं जळणही नाही, पाणीही नाही. मूठभर चुऱ्यावर उकळतं पाणी ओतलं की जेवण तयार. पण त्यात चरबी पडली तर तो धड वाळत नाही नि लवकर खवट होतो. हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. चुलीपाशी मक्याच्या तोर्तिया भाजत बसलेल्या तिच्या लेकीला, ओदिलियाला, तर चांगलंच ठाऊक होतं.

"चरबी कधी घातलीस? मी पाण्याला गेले तेव्हा?"

"कसली चरबी?"

"माझं नाक अजून म्हातारं झालेलं नाही, पोरी."

ओदिलियाने तोर्तिया तव्यावर आपटली. "मग नकोच जाऊस. खाऊ दे तेहोनांना मका. आपण विकत आणू."

"तुझ्या बापाने घाम गाळून केलेलं शेत ते. तिथे त्या लांबनाक्या चोरट्या जनावरांची पंगत बसवू?"

"बाबाही असेच एकटे गेले होते. खोपटात जीव गेला नि खाली कुणाला पत्तासुद्धा नव्हता."

क्रेसेन्सियाचा राग तिथेच विरला. अबुंदिओ, तिचा नवरा, तिलाही रोज आठवायचा. पण कणसात दूध भरत होतं आणि राखायला कुणी नसलं तर तेहोन एक दाणा ठेवणार नव्हते. ती जाणारच होती.

चरबीचा घेवडा त्या रात्री घराने चाटूनपुसून खाल्ला. सकाळी तिने अवोकॅडोचं पान टाकून दुसरं भांडं चढवलं आणि स्वतः त्याच्यापाशी ठाण मांडलं.

"तू लांब बस. आणि ऐक. रोज दिवस मावळताना मी चुलीत ओला पाला टाकीन. अंगणातून धूर दिसला की समज, आई जेवली."

"नाही दिसला तर?"

"तर ये धावत. फक्त चरबी आणू नकोस."

डोंगरावर पहिल्याच संध्याकाळी तिने पत्रा बडवून तेहोनांची टोळी पळवली. मग चुऱ्यावर पाणी ओतलं. घेवडा फुगला, अवोकॅडोच्या पानाचा वास सुटला. तिने पाला टाकला तसा धूर सरळ वर चढला. खोपटाच्या दारात बसून ती जेवू लागली.

खाली गावात, तिच्याच अंगणातून, धुराचा लोट उठला. स्वयंपाकाचा धूर एवढा नसतो. ओला पाला जाळल्याशिवाय असा लोट उठत नाही.

"खोकून जीव जाईल पोरीचा," क्रेसेन्सिया पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात धुराचा काही दोष नव्हता. ती उठली आणि तिने आणखी कवळभर पाला चुलीत कोंबला.