खारघरमार्गे सारसोळे: हवामानाआधीच्या दोन मिनिटांसाठी

आमच्या सीवूड्सहून सारसोळ्याची जेट्टी तशी जवळ आहे. मी मात्र तेथे खारघरमार्गे पोहोचलो. ज्यांना प्रवासवर्णनात घाट आणि धबधबे हवे असतील, त्यांची येथे निराशा होईल.

निघण्याचे कारण आधी सांगतो. खारघरच्या एका महाविद्यालयात लहानसे रेडिओ केंद्र आहे. रोज सकाळी दहा वाजता तेथे तासभर गप्पा चालतात: प्रथम परिसरातील बातम्या, मग नाटके आणि भजने, मग खेळ आणि शेवटी हवामान. माझी पत्नी वत्सला तरुणपणी रत्नागिरीच्या संघातून कबड्डी खेळत असे. दोन वर्षांपूर्वी चैत्रात तिला खेळाच्या गप्पांसाठी बोलावले होते. मी घरी रेडिओ लावला. निवेदिकेच्या पहिल्या दोन वाक्यांत तीन चुका झाल्या आणि मी तो बंद केला. उभा जन्म मुद्रितशोधनात गेलेल्या माणसाला एवढे कारण पुरेसे वाटले. वत्सलाला मी हे कधीच सांगितले नाही. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तिचा आवाज आम्ही कोणीही जपून ठेवलेला नव्हता. तो कोठे मिळतो का, हे पाहण्यासाठी मी मंगळवारी घर सोडले.

खारघरला दोनच स्थानके जावे लागते. सकाळी साडेदहानंतर निघावे; बसायला जागा मिळते. स्थानकाबाहेरून महाविद्यालयापर्यंत रिक्षाला चाळीस रुपये पडले. डोंगर या दिवसांत उघडाबोडका असतो, तरी उंच इमारतींच्या फटींतून तो दिसला की बरे वाटते.

केंद्र म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतींना चिकटवलेला स्पंज. तन्वी नावाची निवेदिका नुकताच कार्यक्रम संपवून पाणी पीत होती. आवाजावरून मी तिला ओळखले. ती तीच होती.

“सर, सॉरी, पण रेकॉर्डिंग आम्ही तीन महिनेच ठेवतो. मग डिलीट,” ती म्हणाली. “काकूंचा एपिसोड मला आठवतो ना! केवढं हसवलं त्यांनी!”

मी उठलो.

“थांबा, थांबा. हिराजीकाकांकडे असेल! सारसोळ्याच्या जेट्टीवरून रोज फोनवर हवामान तेच सांगतात. फोन आम्ही आधीच जोडून ठेवतो, त्यामुळे त्यांची पाळी येईपर्यंत आधीच्या गप्पा त्यांना ऐकू येतात, आणि त्यांच्या फोनात सगळे कॉल रेकॉर्ड होतात. शेवटचं थोडंसंच असेल, पण.”

तिने दाराबाहेर येऊन रिक्षा थांबवून दिली. मी तिचे आभार मानले.

नेरूळला उतरून रिक्षाने सारसोळ्याला गेलो. वाटेत गावात एका बाईंच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील मिळतात. ऐंशी रुपयांत पोट भरते. ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलाच्या वासाची तयारी ठेवावी. मी गेलो तेव्हा ओहोटीच होती.

जेट्टीवर माझ्याच वयाचा एक गृहस्थ जाळे शिवत बसला होता आणि दोघे त्याची थट्टा करीत होते.

“काय हिराजी, वारा पडंल बोललास ना काल? माजी टोपी पार वाशीला गेली!”

“मी तसा बोललोच नाय. ऐकवू?” हिराजीने खिशातून फोन काढताच दोघे हसत पांगले. मग तो मला म्हणाला, “बगलंव? लोक पलटतान. म्हनून सगला ठेवलाय, एक दिस नाय पुसला.”

मी येण्याचे कारण सांगितले. त्याने जाळे बाजूला ठेवले.

“कबड्डीवाली बाय? बसा, मास्तर, बसा.”

तो बराच वेळ फोनवर बोट फिरवीत राहिला. मी खाडीकडे पाहत बसलो. मग एकदम वत्सला हसली.

“काकू,” तन्वीचा आवाज आला, “आमच्याकडे पाहुण्यांनी खिडकीबाहेर बघून हवामान सांगायचं. मग हिराजीकाका खरं काय ते सांगतात.”

“ऊन आहे की छान!”

“बाय, ऊन नको बगू, वारा बग. घंट्याभरात सर येनार.”

“अगं बाई! माझ्या कुरडया गच्चीवर आहेत!”

“मग आता?”

“आता काय? आमचे हे घरी रेडिओला कान लावून बसलेत. एव्हाना गच्चीवर पोचलेसुद्धा असतील.”

पुढे भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. हिराजीने फोन थांबवला आणि “परत लावू?” असे विचारले. मी मान हलवली. त्याने तीनदा लावले, मग ते माझ्या फोनवर पाठवून दिले. पैशांचे नाव काढताच तो रागावला.

घरी मी चालत आलो. जिना चढून प्रथम गच्चीवर गेलो. त्या दिवशीची सर मी पाहिली होती. पुस्तके भिजू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. दुपारी वत्सला परतली आणि पर्ससकट सरळ वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकचा कागद होता, पाणी निथळून नीट घडी घातलेला. “कुरडया गेल्या,” एवढेच ती म्हणाली आणि तिने चहा टाकला. बाजारात मिळतात, असे मी म्हणालो.

मी रेडिओ बंद केला होता हे तिला कधी कळलेच नाही, अशी माझी दोन वर्षे समजूत होती.