शेऱ्याचा रकाना

रत्नागिरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा पेशंटच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडायचं होतं. दाखवायला दोघं आली. रजिस्टर सांभाळणाऱ्या आमच्या मावशींनी दोघांनाही एकच विचारलं, "सुईला कोण घाबरतं, ते ह्यात कुठे लिहायचं?"

मुंबईचा विक्रेता नुसता हसला. चिपळूणच्या मुलीने मात्र शेऱ्याचा रिकामा रकाना उघडला आणि कीबोर्ड मावशींपुढे सरकवला. इंग्रजी अक्षरं एकेक शोधत मावशींनी मराठीत लिहिलं, 'संगमेश्वरच्या आजी. आधी नातवाची चौकशी, मग सुई.'

"डॉक्टर, हेच घ्या," त्या खुशीत म्हणाल्या.

तेच घेतलं. महिन्याभरात मावशींनी सगळ्यांचे शेरे भरले. ते वाचून मला इतकं हसू यायचं, की आत येणारा पेशंटही हसतच खुर्चीत बसायचा.