मी मागच्या सीटवर बसले नाही म्हणून

आमच्या गाडीचा आवाज माझ्यामुळे होत होता. दीड महिना मी हे कुणाला सांगितलं नाही.

आमचे हे बदलापूर स्टेशनच्या स्टँडवर सात सीटची गाडी लावतात. गाडी मागून बसली होती, चार माणसं भरली की स्पीडब्रेकरला खालून घासायची. कंपनीचे पार्ट यायला वेळ होता, म्हणून यांनी उल्हासनगरच्या बाजारातून बाहेरचे आणले. मागचे दोन शॉकअप, स्प्रिंगा आणि जोडावरचे रबरी बुश. बसवायला अंबरनाथ पूर्वेचे मिस्त्री आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगखाली आले. सगळा स्टँड त्यांच्याकडेच गाड्या नेतो. त्यांना मामा म्हणतात.

मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा काम होत आलं होतं. मामांनी जॅक काढला आणि म्हणाले, "आता मागे दोन-तीन माणसं बसवा. भार पडल्यावरच शेवटचे नट आवळायचे. रिकाम्या गाडीत आवळले तर माणसं बसली की रबर पिळतं."

शेजारचे भाऊजी मागे बसले. मामा मला म्हणाले, "ताई, तुम्हीपण बसता का दोन मिनिटं?"

मी उत्तर द्यायच्या आत भाऊजी म्हणाले, "वहिनी बसणार असतील तर मी उतरतो. तिघांचं काम होतंय."

चारपाच जण उभे होते, ते हसले. हेही हसले. मामा हसले नाहीत. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी जी सुटले ती सुटलेच. लिफ्टमध्येसुद्धा कुणी असलं तर मी जिन्याने जाते. मी ट्रे बोनेटवर ठेवला, "गॅसवर दूध आहे," म्हणाले आणि वर आले. गॅसवर काही नव्हतं.

खिडकीच्या पडद्याआडून मी बघत होते. भाऊजी चहाला उतरले. तेवढ्यात यांना वांगणीच्या फार्महाऊसचं भाडं आलं. "मामा, आवळून टाका, पार्टी थांबलीय." मामांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि तसेच रिकाम्या गाडीत नट आवळले.

दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकर आला की मागून कर्र, मग खट. गाडी रिकामी असली की अजिबात नाही. हे मामांकडे घेऊन गेले, तेही रिकामी गाडी. मामांनी खाली झोपून एकेक नट हलवून पाहिला, रबरांवर साबणाचं पाणी मारलं, गाडी फिरवून आणली. आवाज नाही. "माणसं भरून आणा," ते म्हणाले. यांना तो भाडी मिळत नसल्याचा टोमणा वाटला. मग उल्हासनगरला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "माल एकदम बढिया है, फिटिंग देखो." तरी त्याने एक शॉकअप बदलून दिला. आवाज तसाच.

मग हे स्टँडवर बोलायला लागले. "मामाचा हात गेला आता. दिसत नाही त्याला." दोघातिघांनी गाड्या दुसरीकडे टाकल्या. घरी येऊन हे मला सगळं सांगायचे आणि मी भाकरी थापत ऐकायची. एकदा दवाखान्यात जाताना मी मागे बसले, तर दारातच गाडी कर्र वाजली. "ऐकलंस? हे मामाचं काम," हे म्हणाले. मी म्हटलं, "हो."

त्या "हो"ची मला फार लाज वाटते.

नंतर अंबरनाथला बाजारात मामा भेटले. मी नजर चुकवत होते, त्यांनीच हाक मारली. "ताई, आवाज गेला का?"

"नाही गेला. मामा, तुम्हाला माहीत होतं ना? मग यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमची बायको लाजली म्हणून राहिलं, असं चार ड्रायव्हरांत सांगू?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पोती टाकून करायला हवं होतं मी. घाई केली."

त्या दिवशी जेवताना मी यांना सांगितलं. पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने पाठ करून सांगितलं. यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "एवढंसं होतं तर तेव्हाच बसायचं ना गं." तेव्हा तेही हसले होते, हे मी म्हटलं नाही.

रविवारी मामांकडे गेलो. मी स्वतःहून मागे जाऊन बसले, माझ्या बाजूला दोन पोती वाळू. मामांनी खालून नट सैल केले तशी गाडी माझ्याखाली जराशी दबली. रस्त्यावरून माणसं जात होती. मी ओढणी मुठीत धरून समोरच्या सीटकडे बघत राहिले. नट आवळून झाले. येताना एकाही स्पीडब्रेकरला आवाज आला नाही.

परवा हे मला आणायला स्टेशनवर आले तेव्हा स्टँडवरच्या एकाने खिडकीत वाकून विचारलं, "काय रे, कुठे काढलास आवाज?"

"गेला आपोआप," हे म्हणाले.

"मामांनी काढला," मी मागून म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. "त्यांची चूक नव्हती," एवढंही म्हटलं. मग कुणाची होती, ते त्याने विचारलं. मी पलीकडच्या खिडकीबाहेर बघितलं आणि यांनी गाडी काढली.