शरयूताईने मोजलेली गल्ली

फोन आला तेव्हा मी चांदवडला होतो. मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, दुपारची पंगत बसली होती आणि पानात नुकती जिलेबी पडली होती. गुडघे दुखतात म्हणून माझी बायको रजनी नाशिकलाच थांबली होती. तिचाच फोन. "अहो, शरयूताई गेल्या," एवढं बोलून ती थांबली. मग एकेक करून सांगू लागली. सकाळी छातीत कळ आली, त्यांनी आपल्या भाचीला फोन केला, रुग्णवाहिका आली, पण चौकातच थांबली, गल्लीत येईना. चौघांनी खुर्चीत बसवून ताईला चौकापर्यंत नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी विचारलं, "गाडी आत का येईना?" रजनी म्हणाली, "तोंडाशी दुचाक्या लागल्या होत्या." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "त्यात आपली पण होती." बस स्टँडवर जाताना मीच ती लावून गेलो होतो... त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले. नंतर डॉक्टरांना भेटून विचारलं, ती तीन-चार मिनिटं वाचली असती तर? ते म्हणाले, "काही सांगता येत नाही." 'काही उपयोग झाला नसता' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहायला बसलोय. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आमची ठोके गल्ली जुन्या नाशकात, उतारावर आहे. खालचं टोक गोदावरीच्या अंगाला, वरचं चौकात. कागदोपत्री नाव वेगळं असेल, पण तांबटांच्या हातोड्यांमुळे तिला हेच नाव पडलं. दोन्ही बाजूंना चिंचोळी घरं, खाली काम किंवा दुकान, वर संसार, आणि प्रत्येक घरापुढे दगडी ओटा. खालच्या टोकाचे ओटे छातीएवढे उंच, वर येता येता गुडघ्याएवढे. त्याचं कारण मला पन्नाशीनंतर शरयूताईने सांगितलं. "अरे बाळू, नदी किती वर येते ते या ओट्यांवर लिहिलंय. आपल्या पणज्यांना पूररेषा कळत होती, फक्त ते तिला पूररेषा म्हणत नव्हते." तिचं घर माझ्या घरासमोर. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे वडील आणि माझे वडील समोरासमोर बसून हंडे-बंब ठोकायचे. मी धंदा चालवला नाही, पूजेच्या भांड्यांचं दुकान टाकलं. ती ड्रॉइंगचा कोर्स करून नगररचनेच्या एका कार्यालयात आरेखक म्हणून लागली. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही; आमच्यात तसली बोलणी होत नसत. ती मला रविवारी सकाळी खिडकीतून हाक मारायची, मी ओट्यावर चहा घेऊन बसायचो, आणि ती माझ्या बसण्याची, धोतराची, राजकारणाची यथेच्छ टिंगल करायची. मी धोतर नेसणं सोडलं ते तिच्यामुळेच.

ती निवृत्त झाली आणि वर्षभरात तिला वेगळंच खूळ लागलं. हातात वही घेऊन ती सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा गल्लीतून चालत जायची. कोणत्या ओट्यावर कोण बसलंय, काय करतंय, किती वेळ, सगळं टिपायची. कोण गहू निवडतंय, कोण पेपर वाचतंय, कुणाचं बाळ रांगतंय. गल्लीत लोक हसायचे. मीही हसायचो. "शरयूताई, शिरगणती झाली का?" असं विचारलं की ती म्हणायची, "तुझं नाव रोज येतं, काळजी करू नकोस." चौकाजवळच्या दोन घरांच्या जागी तेव्हा नव्या इमारती झाल्या होत्या, खाली खांबांवर पार्किंग आणि लोखंडी फाटक. त्यांच्यापुढे तिच्या वहीत महिनोन्महिने एकच नोंद यायची, 'कोणी नाही'. तिचं म्हणणं एवढंच होतं. घरं पडतील, नवी होतील, त्याला कोण अडवणार? पण खालचा मजला गाड्यांना दिला की गल्ली मेली. म्हणून नियम असा हवा की या गल्लीत बांधायचं तर पुढे ओटा, त्यामागे दुकान किंवा कारखाना, उंची तीन मजले, आणि गाड्यांसाठी चौकाजवळच्या बंद पडलेल्या वखारीच्या जागेवर सगळ्यांचा मिळून वाहनतळ.

मग सुधारित विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात आमच्या गल्लीवरून रस्ता रुंदीकरणाची रेघ गेली होती, दोन्ही बाजूंचे सगळे ओटे आणि घरांचे पुढचे खण कापत. गल्लीत निम्म्या लोकांनी कपाळाला हात लावला, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मी त्या दुसऱ्या निम्म्यात होतो. पुढचे खण गेले तरी रस्ता मोठा झाला की उंच बांधता येणार होतं, एक बिल्डर तयार होता, दोन मुलांना दोन फ्लॅट मिळणार होते. थोरला मुलगा दोन मुलांसह एका खोलीत राहतो, ते मी रोज बघत होतो. शिवाय गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, अग्निशमनाचा बंब येत नाही, हे मी सगळ्यांना बजावून सांगत होतो. ते खोटं नव्हतं... नंतर ते कुणावर आलं, ते वर लिहिलंच आहे.

विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात गल्लीची बैठक झाली. शरयूताई नकाशा घेऊन उभी राहिली. रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ नवी नाही. मागच्या आराखड्यातही होती, पण कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, म्हणून आपण वाचलो. तेव्हा ती मी मारली होती. या हाताने." "मी नोकरीत नवी होते. साहेबांनी कच्चा नकाशा दिला, शाईने गिरवायला सांगितला. आपली गल्ली आली तेव्हा माझा हात थांबला. साहेब म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, 'काही नाही,' आणि गिरवली. घरी आले तर बाबा खाली घंगाळ ठोकत होते. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे."

आणि तेव्हा मी उठलो. आजही तो क्षण आठवला की मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरात उगीच फेऱ्या मारतो. मी म्हणालो, "तेव्हा स्वतःची नोकरी सांभाळलीस, आता पेन्शन खात आमच्या मुलांच्या घरांच्या आड येतेस. तुझं काय जातंय? तुझ्या मागे कोण आहे राहायला?"

तिने नकाशाची गुंडाळी केली. रबर बॅंड लावला. "खरंय," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर आठ महिने आम्ही बोललो नाही. समोरासमोरच्या दारांत राहून न बोलणं फार मेहनतीचं असतं. ती ओट्यावर आली की मी आत जायचो. रविवारी हाक येणं बंद झालं. तिच्या ओट्यावर मखमलाबादकडून हिराबाई फुलं घेऊन यायची आणि हार ओवत बसायची. तिच्याशी ताई बोलायची ते मी पडद्यामागून ऐकायचो. रजनी म्हणाली, "जाऊन माफी मागा, दहा पावलं तर आहेत." मी म्हणालो, आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होऊन जाऊ दे. चांदवडला निघायच्या चार दिवस आधी मी दुकान उघडायला निघालो होतो तेव्हा वरून अचानक आवाज आला. "बाळू, तुझं घर आतून रुंद किती रे?" आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी वर न बघता म्हणालो, "तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "तसं नाही, सहज..." मी तोपर्यंत चालू लागलो होतो.

तेराव्यानंतर भाची किल्ली घेऊन माझ्याकडे आली. "मामा, सुनावणी आठवड्यावर आलीय. मावशीचे कागद कोणीतरी मांडायला हवेत. मला त्यातलं काही कळत नाही." मी नको म्हणणार होतो. रजनीने माझ्या हातात चप्पल दिली. वरच्या खोलीत खिडकीशी तिरकं टेबल, त्यावर एक ट्रेसिंग पेपर टाचण्यांनी ताणून लावलेला. ते माझ्या घराचं रेखाटन होतं. जुनं नव्हे, नवं, व्हायचं असलेलं. तीन मजले, पुढे ओटा, ओट्यामागे माझं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर दोन स्वतंत्र घरं. थोरल्याच्या घरात तिने मुलांच्या दोन खाटासुद्धा काढल्या होत्या. सगळी मापं शाईने लिहिलेली होती. आतल्या रुंदीच्या जागी मात्र पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

त्या दुपारी रजनीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. साडेपंधरा फूट. माप घ्यायला एक मिनिटही लागलं नाही. मुलाने त्याच्या ओळखीच्या आर्किटेक्टला वरच्या खोलीत आणून रेखाटन दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "जिना अर्धा फूट सरकवावा लागेल. बाकी जमतंय. कोणी काढलंय?" मुलाने माझ्याकडे पाहिलं.

सुनावणीला मी, भाची आणि गल्लीतले दहा-बारा लोक गेलो. मी आयुष्यात कधी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो नव्हतो. ताईची वही उघडली, पण अक्षरं दिसेनात, मग जे आठवलं ते बोललो. ओट्यांची उंची सांगितली, नदी सांगितली, फाटकांपुढचं 'कोणी नाही' वाचून दाखवलं. एका साहेबांनी विचारलं, "आणि रुग्णवाहिकेचं काय? तुमच्याच गल्लीतल्या लोकांनी रुंदीकरणाला पाठिंबा दिलाय, पहिली सही तुमची दिसते." मी म्हणालो, "हो, माझीच. गल्लीतून रुग्णवाहिका जाते साहेब, मी मोजलंय. तोंडाशी गाड्या नसल्या तर जाते. त्या दिवशी तिथे माझी गाडी होती." मागून हिराबाई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "सायेब, माझं तिथं घर नाय. कायबी नाय माझं. पर वीस वर्सं झाली, बसायला जागा हाय. फाटकापुढं बसले असते तर वॉचमननं उठवलं असतं." साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

मागच्या आठवड्यात निकाल कळला. रुंदीकरणाची रेघ काढून टाकली. वखारीची जागा वाहनतळासाठी ठेवली. ओट्याचा नियमही घेतला. गल्लीत खरोखरच पेढे वाटले गेले. मी पेढा हातात धरून नियम वाचला. 'या गल्लीत नवीन बांधकाम करताना पुढील बाजूस ओटा व तळमजल्यावर दुकान अथवा कारखाना शक्यतो ठेवण्यात यावा.' शक्यतो! माझ्याशी बोलणी करणाऱ्या बिल्डरचा त्याच संध्याकाळी फोन आला. "काका, चांगलं झालं की. शक्यतो लिहिलंय म्हणजे काही अडचण नाही. खाली पार्किंगच करू." मी त्याला नाही म्हणालो. पण शेजारचे दोघे हो म्हणालेत, त्यांचीही मुलं मोठी झाली आहेत, आणि त्यांना मी कोणत्या तोंडाने बोलणार? त्यांच्या जागी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मीच होतो.

बदललेल्या नियमांवर पुन्हा हरकती घेता येतात, असं भाचीने चौकशी करून सांगितलं. काल ताईच्या टेबलाशी बसून मी अर्ज लिहिला, एकच शब्द वगळावा म्हणून. तीनदा लिहिला, कारण दोनदा रागाने शब्द जास्त झाले आणि तिला लांबलचक अर्ज आवडत नसत. आज सकाळी जाऊन दिला. खिडकीवरच्या कारकुनाने वाचला आणि मान वर केली. "इथे 'मिळकतीशी संबंध' या रकान्यात तुम्ही 'शेजारी' लिहिलंय. तुमचं स्वतःचं घर आहे ना तिथे? मग 'मालक' लिहा."

मी म्हणालो, "राहू द्या तसंच."

त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला. पोच घेऊन मी सरळ वरच्या खोलीत आलो. ट्रेसिंग पेपर अजून टेबलावरच आहे, साडेपंधरा तिथे मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय. टाचण्या काढायला हात पुढे होत नाही...