जिवंत लेखिकेला आदरांजली

संघमित्रा राहते नाहूरला, नोकरी करते घाटकोपरच्या एका विमा कचेरीत आणि तरुणपणापासून कथा लिहिते. तिचे दोन संग्रह निघालेत. मुलुंडला दर महिन्याला लेखकांची बैठक भरते, ती कधी चुकवत नाही. तिथलाच तिचा जुना मित्र विद्याधर, कादंबरीकार. त्याने नव्या कादंबरीत तिच्यावरून सुमन नावाची लेखिका बेतली आणि पुस्तक तिलाच अर्पण केलं.

एका रविवारी तिने ते वाचून काढलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सुमनचा बाप दारुडा. संघमित्राचे वडील शाळामास्तर, दारूच्या थेंबाला न शिवलेले. बरं, कादंबरीत कल्पनेला मुभा असते, ती स्वतःही ती घेते. पण सुमन म्हणे लेखिका, आणि अख्ख्या पुस्तकात तिने लिहिलेली एक ओळ नाही! नुसती सोसते, रडते आणि शेवटी मरते. लेखकाचा मान करायचा तर त्याच्या लिहिण्याचा करावा ना? त्याचं दुःख ओरबाडायचं आणि वर उपकार केल्यासारखं मिरवायचं, ही कुठली रीत?

पुढच्या बैठकीला विद्याधर शाल-श्रीफळ घेऊन आला. यजमान रेवतीने, एका लेखकाने दुसऱ्यासाठी एवढं मोठं मन दाखवावं, असं म्हणून त्याचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. शाल खांद्यावर येण्याआधीच संघमित्राने ती हाताने अडवली.

"विद्या, तुझी सुमन लिहिते काय रे?"

तो हसला. कष्टकऱ्यांचं जगणं लिहिते, म्हणाला.

"तसं नको. माझी एक कथा सांग. कुठलीही."

विद्याधरने नारळ या हातातून त्या हातात घेतला. दोन्ही संग्रह तिने त्याच्या घरी स्वतः नेऊन दिले होते.

"खरं सांगू? वाचायचे राहिलेत गं," तो म्हणाला. "पण तुला मी ओळखतो ना."

संघमित्राने शाल काढून घेतली, घडी घातली आणि त्याच्या हातात परत ठेवली. सुमनला दे म्हणाली, तिला उपयोग होईल. तिने पिशवीतून नवी कथा काढली. त्या दिवशी वाचायची पाळी तिची नव्हती, पण तसं म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

"आता ऐक," ती विद्याधरला म्हणाली आणि वाचायला लागली.