गुलगुल्यांच्या स्टॉलवरची पाटी

गुलगुल्यांना हल्ली ‘देसी डोनट’ म्हणतात. प्रताप नगरातल्या आमच्या सोसायटीच्या आनंद मेळाव्याच्या पत्रकावर तसंच छापलं होतं. वाचून माझं डोकंच फिरलं. कणीक, गूळ, बडीशेप आणि तेल; जत्रेतला गरिबाचा खाऊ तो. आता म्हणे त्यावर चॉकलेट ओतून खायचा. आमच्या स्टॉलवर चॉकलेट मिळणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

तळणार होती आई. नरखेडकडच्या तिच्या गावच्या जत्रेत आजीला कधी कुणी कढई मांडू दिली नाही. आमच्या हातचं तळलेलं गावाला चालत नव्हतं. म्हणून या मेळाव्याचं आईला फार अप्रूप. मनासारखा गूळ मिळेपर्यंत तिने मला तीन दुकानं फिरवलं.

सोसायटीत येऊन आम्हाला दोनच महिने झाले होते. सेक्रेटरींनी प्रत्येक स्टॉलला आडनावाची पाटी दिली होती. आमचं आडनाव वाचलं की आम्ही बौद्ध, हे नागपुरात कुणालाही कळतं. मी पाटी टेबलाखाली सरकवली.

पहिले दोन घाणे हातोहात संपले. सेक्रेटरींची बायको दोनदा येऊन खाऊन गेली, आईच्या हाताला चव आहे म्हणाली. आई नुसती फुलून गेली होती.

पिठाचा डबा घ्यायला ती वाकली आणि तिला पाटी दिसली.

“लपवून काहून ठेवली वं?”

मी काहीतरी पुटपुटले. तिने पदराने पाटी पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर उभी केली.

झालं. अख्ख्या सोसायटीला एकाएकी शुगर झाली. शेजारच्या स्टॉलवर जिलबी हादडणारे आम्हाला गोड बंद असल्याचं सांगू लागले. सेक्रेटरींच्या बायकोला तर उपास आठवला, दोन प्लेटा पोटात असताना. ढोंगी मेले. तिथल्या तिथे टेबल उलटं करावंसं वाटलं मला.

आई तळतच होती. मी म्हटलं, पुरे आता, घरी जाऊ.

“पीठ सरेपर्यंत तळतो मी. आता जो घेईल, तो माह्या हातचं म्हणून घेईल.”

दोघं-तिघं आले. बाकीच्यांचा राग मला अजून आहे आणि तो जाणार नाही. पण त्यांच्याही आधी आईला झाकलं होतं मी, आणि का, ते तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.