जपानी गाडीचा ब्रेक

सोनाजी धनगराच्या घरचा. गाव सिल्लोडच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून कोसभर आत. बापानं मेंढरं राखली, थोरला भाऊ कारभारी अजून राखत होता. सोनाजी मात्र सोळाव्या वर्षी शहरातल्या लष्करी छावणीत आला आणि तिथल्या गाड्या धुता धुता पाना धरायला शिकला. मागोमाग मोतीराम आला. तो त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. दोघांनी एका विहिरीत पोहावं असा गावाचा रिवाज नव्हता, म्हणून लहानपणी ते नदीच्या डोहात पोहायला शिकले होते. मोतीरामची माय दगडाबाई सोनाजीला चुलीमागं बसवून गरम भाकर द्यायची आणि वर बजावायची, "घरी सांगू नको रं सोन्या, मार बसंल."

एकाहत्तर साली दोघांनी छावणीच्या बाजारात पत्र्याचं गॅरेज टाकलं. मोतीराम बोलका, गिऱ्हाईक त्याच्याकडं बघून यायचं. सोनाजी मुखदुर्बळ आणि कामाला चिकट. त्याच्याकडं गाडी टाकली की आठ दिवस विसरा, असं लोक म्हणत. पण त्यानं हात लावलेली गाडी वाटेत कधी बंद पडली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं मराठवाडा पेटला. त्याच आठवड्यात कारभारी शहरात आला होता. मोतीराम दुकानात नाही हे बघूनच त्यानं तोंड उघडलं.

"तू त्याच्यासंगं धंदा करतो, गावात आमाला ऐकावं लागतं. सध्या त्याला घेऊन गावात येऊ नको. आलास तर आमी तुझे नाय."

सोनाजीनं पाना उचलला आणि खाली वाकून काम चालू ठेवलं. मोतीरामला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सिल्लोडकडून आलेला एक ओळखीचा ट्रकवाला गॅरेजसमोर थांबला. "मोतीरामभाई, तुमारे गाँव की बात चल रई रस्ते में. बाजूवाले गाँव में कल घरां जलाए."

मोतीरामच्या हातातलं चाक खाली पडलं. घरी माय एकटी. एसटी बंद. दुकानात दोन स्कूटरी होत्या, दोन्हींची इंजिनं खोललेली. धडधाकट एकच गाडी होती, रजेवर गेलेल्या एका कॅप्टनची जपानी मोटारसायकल. पुढच्या चाकाला थाळीचा, म्हणजे डिस्कब्रेक असलेली तशी गाडी छावणीत दुसरी नव्हती. पण ब्रेकमधली हवा काढायचं निप्पल गळत होतं. तेल थेंबाथेंबानं टायरवर उतरत होतं आणि ब्रेकचा दांडा दाबला की थेट मुठीला टेकत होता.

"मागच्या ब्रेकवर जाऊ, चल," मोतीराम म्हणाला.

"चौक्याच्या घाटात? या झडीत, दोघं बसून?"

सोनाजीचं म्हणणं खरं होतं. मोतीराम खाली बसला. "मग कर लवकर."

सोनाजीनं निप्पल सोडवलं. टोकावर बारीक खाच पडली होती, बसायच्या जागी रेतीची कचकच होती. त्यानं जागा स्पिरिटनं धुतली, निप्पलचं टोक पॉलिशपेपरवर फिरवून फिरवून गुळगुळीत केलं, पुन्हा बसवलं आणि बेतानंच आवळलं. छावणीतल्या जीपच्या वर्कशॉपमधून ब्रेकऑइलची बाटली आणली. मग हवा काढायला दोघं बसले. मोतीराम दांड्यावर, सोनाजी खाली चाकापाशी. निप्पलला सलाइनची नळी, नळीचं टोक एका रिकाम्या बाटलीत.

"दाब. दाब. धरून ठेव."

सोनाजी निप्पल अर्धा फेरा सोडायचा, नळीतून बुडबुडे यायचे, तो आवळायचा. "सोड." पुन्हा तेच. साडेअकराला नळीतून नुसतं तेल आलं, एकही बुडबुडा नाही. निप्पलभोवतीचा कपडा कोरडा राहिला. काम झालं होतं.

सोनाजीनं वर बघितलं. मोतीराम त्याच्याकडंच बघत होता. आणि त्या घडीला सोनाजीला गावची वेस दिसली, वेशीत उभे असलेले ओळखीचे लोक दिसले, त्यांत कारभारी दिसला. 

"अजून हवा हाये," तो म्हणाला. "दाब."

मोतीरामनं दाबलं. सोनाजीनं नव्या बाटलीतलं उरलंसुरलं तेल वरून ओतून नळीवाटे काढून टाकलं. मग तेल संपलं म्हणून पुन्हा वर्कशॉपला गेला. तिथं कुणीतरी चहा पुढं केला, तो त्यानं बसून प्याला. वाटलं, तेवढ्यात पोलीस पोहोचतील, काहीतरी होईल, जायची वेळ येणार नाही. परत येऊन त्यानं सगळी हवा पहिल्यापासून काढली. निघाले तेव्हा दोन वाजून गेले होते.

घाटात ब्रेक चोख लागला.

गावाच्या अलीकडंच धूर दिसला. वेशीत कुणी नव्हतं. बौद्धवाड्यातली नऊ घरं एकच्या सुमाराला जाळली होती. माणसं आधीच मक्याच्या रानात पळाली होती. दगडाबाईही पळाली होती, पण बांधलेली शेळी सोडवायला मागं फिरली आणि पेटतं आढं तिच्या अंगावर आलं. लोकांनी तिला बाजेवर घालून लिंबाखाली आणलं होतं. तिनं सोनाजीला ओळखलं. "सोन्या, तू कामून आला रं इथं? तुला बोलतील ना," एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती शहरातल्या घाटी दवाखान्यात वारली.

मोतीरामनं सोनाजीला एका शब्दानं दोष दिला नाही. तो गॅरेजवर परत आला नाही, इतकंच. आपले पाने न्यायलाही आला नाही. भीमनगरात खोली घेऊन राहिला, नामांतराच्या मोर्च्यांत जाऊ लागला, दोनदा तुरुंगात जाऊन आला. मोर्चा छावणीवरून निघाला की सोनाजी दुकानाच्या आत जाऊन बसायचा.

सहा वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. भाकर गोड लागेना, झोप लागेना. बायको बानाबाई विचारून थकली. शेवटी एका सकाळी तो भीमनगरात गेला. मोतीराम दाढी करत होता. त्यानं पाट सरकवला.

"मोतीराम, त्या दिवशीचं सांगायचंय. साडेअकरालाच..."

"म्हाईत हाये," मोतीराम आरशात बघतच म्हणाला. "दांडा माझ्या हातात व्हता, सोनाजी. दगडासारखा घट्ट झाला व्हता. तरी तू म्हनत व्हतास, दाब. मी दाबत व्हतो."

"मग तवाच का नाय बोललास?"

"मला वाटलं, तुला कळतं. गाडीतलं तुला जास्त कळतं." त्यानं वस्तरा पुसला. "गेलो असतो तर माय वाचली असती, आसं मी म्हनत नाय. कदाचित आपून बी जळलो असतो. पन भ्या वाटतं म्हनला असतास, तर मी सायकल काढली असती. तेवढं तरी सांगायचं व्हतंस."

मोतीरामच्या बायकोनं चहा आणला. सोनाजीनं कप हातात धरला. कप तसाच ठेवून तो उठला. मोतीरामनं त्याला थांबवलं नाही आणि परत ये असंही म्हटलं नाही.

सांगून मन हलकं होतं म्हणतात. सोनाजीचं झालं नाही. आतापर्यंत निदान एकट्यालाच माहीत आहे एवढा आडोसा होता, तोही गेला. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा सुटला. नट आवळला की शंका यायची, खोलून पुन्हा आवळायचा, पुन्हा खोलायचा. गिऱ्हाईक कंटाळलं. सत्त्याऐंशीत त्यानं गॅरेज विकलं आणि वाळूजच्या एका कारखान्यात लागला. कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, कसबी माणसाला मागणी होती. सुपरवायझरनं त्याला जोडणीवर घ्यायचं म्हटलं, तर यानं हात जोडून गोदामात खोकी उचलायचं काम मागून घेतलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर भीमनगरचा एक कामगार पेढे वाटत होता. सोनाजीनं पेढा घेतला आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "तुमच्या तिथले मोतीराम... काल विद्यापीठाच्या गेटवर आले असतील ना?"

"मोतीरामदादा? ते तर दिवाळीआधीच गेले, काका. पोटाचं दुखणं व्हतं. तुमी वळखत व्हता का?"

सोनाजी म्हणाला, "व्हय, एका गावचे."

घरी आल्यावर त्यानं बानाबाईला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आता तरी भीमनगरात जाऊन या."

"कुणाकडं?" सोनाजी म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.